प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाची पुनर्बांधणी व शक्तिवृद्धी : एक विवेचन

प्रस्तावना :

जुन्या मोटारगाडीचे इंजिन उघडून त्याची नव्याने बांधणी करणे व त्यातून मूळच्यापेक्षा अधिक शक्ती मिळविणे हा जगभरातील मोटारप्रेमींचा जुना छंद आहे. या छंदाची चर्चा निघाली की बहुधा इटली वा इंग्लंडमधील महागड्या क्रीडामोटारींची नावे घेतली जातात. परंतु महाराष्ट्रात, मुंबईतील कुर्ला येथे, अनेक दशके तयार होत असलेले एक साधे इंजिन याच परंपरेतील आहे, याची जाणीव फारशी आढळत नाही. ते इंजिन म्हणजे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे, अर्थात प्रीमियर पद्मिनीचे इंजिन होय. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत झाली आणि टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ही टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली. आता जी इंजिने शिल्लक आहेत ती खाजगी मालकांकडे आहेत व त्यांतील अनेक पुनर्बांधणीच्या प्रतीक्षेत आहेत. अशा इंजिनाची शक्ती कशी वाढते, ती वाढविताना कोणती पथ्ये पाळावी लागतात आणि ती वाढवावी की नाही, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

इंजिनाची पार्श्वभूमी :

प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीची स्थापना सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये केली. कंपनीने १९५० च्या दशकात इटलीतील फियाट कंपनीच्या सहकार्याने 'फियाट ११००' ही गाडी भारतात आणली. १९६४ पासून '११०० डिलाइट' हे तिचे सुधारित रूप कुर्ल्यात तयार होऊ लागले आणि १९७० च्या दशकात त्याच गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. नावे बदलली, तरी इंजिनाची मूळ मापे तीच राहिली. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर आणि एकूण आकारमान १०८९ सी.सी.

ही मापे १९३७ सालची आहेत. त्या वर्षी फियाटने 'बालिल्ला ११००' ही गाडी बाजारात आणली. तिच्या रचनेत दांते जियाकोसा या तरुण अभियंत्याचा प्रमुख वाटा होता. तेव्हा या इंजिनाची शक्ती ३२ अश्वशक्ती होती. १९५३ च्या '११००' गाडीत ती ३६ झाली आणि पद्मिनीत सुमारे ४० झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील पिएरो दुसिओ यांच्या चिसितालिया या छोट्या कंपनीने हेच इंजिन शर्यतीच्या गाड्यांसाठी निवडले. १९४६ च्या 'डी ४६' या एकआसनी गाडीत, याच आकारमानाच्या इंजिनातून ६० अश्वशक्ती वा त्याहून थोडी अधिक शक्ती मिळविण्यात आली. 'चिसितालिया २०२' या गाडीत ती सुमारे ५५ होती. याच मालिकेतील गाडी घेऊन तात्सिओ नुव्होलारी हा विख्यात चालक १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत दुसरा आला. 'चिसितालिया २०२' ची एक गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जतन केलेली आहे. भारतातही चेन्नईजवळील शोलावरमच्या धावपट्टीवर झालेल्या शर्यतींत फेरफार केलेल्या फियाट गाड्या धावत असत.

म्हणजे दादर स्थानकाबाहेर गिऱ्हाइकाची वाट पाहत उभ्या असलेल्या टॅक्सीचे इंजिन आणि संग्रहालयातील क्रीडामोटारीचे इंजिन हे एकाच कुळातील होत. व्यास तोच, धाव तीच. मग ३२ चे ६० कसे झाले? या प्रश्नाच्या उत्तरातच शक्तिवृद्धीचे संपूर्ण शास्त्र सामावलेले आहे.

शक्ती म्हणजे नेमके काय?

इंजिनाची शक्ती दोन राशींच्या गुणाकारातून ठरते. पहिली राशी म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर पडणारा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात. दुसरी म्हणजे दर मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या. पद्मिनीच्या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ३००० फेऱ्यांना ७१ न्यूटन-मीटर इतका आहे, तर सर्वाधिक शक्ती ४८०० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती इतकी आहे. या दोन आकड्यांवरून साधे गणित करता येते. ४८०० फेऱ्यांना ४० अश्वशक्ती मिळते, याचा अर्थ त्या वेगाला टॉर्क सुमारे ५९ न्यूटन-मीटर इतकाच उरतो. म्हणजे ३००० ते ४८०० फेऱ्यांच्या दरम्यान टॉर्कचा जवळपास सहावा हिस्सा नाहीसा होतो.

हा हिस्सा मुख्यत्वे हवेच्या कमतरतेमुळे जातो. एका विशिष्ट वजनाचे पेट्रोल जाळण्यासाठी त्याच्या सुमारे पावणेपंधरा पट वजनाची हवा लागते. फेऱ्या वाढल्या की झडप उघडी राहण्याचा काळ कमी होतो, अरुंद मार्गातून पुरेशी हवा आत येत नाही आणि सिलिंडर अर्धवट भरतो. दमलेल्या माणसाला जसा धावताना श्वास पुरत नाही, तशीच ही अवस्था असते. वेगाबरोबर वाढणारे घर्षण त्यात भर घालते.

आता ४८०० फेऱ्यांनाही ७१ न्यूटन-मीटर टॉर्क टिकवता आला असे क्षणभर मानू. तेव्हा शक्ती सुमारे ४८ अश्वशक्ती होईल. ५४०० फेऱ्यांना ६५ न्यूटन-मीटर जरी टिकला, तरी ती ४९ पर्यंत जाईल. १९५३ च्या 'तुरिस्मो व्हेलोचे' या वेगवान आवृत्तीत फियाटने स्वतः याच १०८९ सी.सी. इंजिनातून ५० च्या आसपास अश्वशक्ती मिळविली होती. आकारमान न वाढवता शक्ती वाढते ती अशी; अधिक फेऱ्यांनाही इंजिनाचा श्वास टिकवून.

पुनर्बांधणीचा पाया :

शक्ती वाढविण्यापूर्वी इंजिन मूळच्या स्थितीत आणणे आवश्यक असते. झिजलेल्या सिलिंडरमधून दाब निसटत असेल, तर मोठा कार्बोरेटर बसवून काहीच साध्य होत नाही. म्हणून सिलिंडरचा व्यास वरच्या, मधल्या व खालच्या भागात, परस्परांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजावा लागतो. क्रँकशाफ्टच्या मानेची गोलाई, बेअरिंगमधील फट, तेलपंपाची झीज, हेडची सपाटी या सर्वांची मापे लिहून ठेवावी लागतात. तालुक्याच्या ठिकाणी ट्रॅक्टरची व पंपाची इंजिने बांधणारे कुशल कारागीर हे काम नित्य करतात. फरक इतकाच की, तेथे इंजिन चालू करणे हा हेतू असतो, तर येथे चारही सिलिंडर परस्परांशी तंतोतंत सारखे करणे हा हेतू असतो.

या टप्प्यावर एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. बोअर वाढविला की शक्ती भरपूर वाढते, असे समजले जाते. सिलिंडर १ मिलिमीटरने मोठा केल्यास व्यास ६९ होतो आणि आकारमान १०८९ वरून सुमारे ११२२ सी.सी. होते. ही वाढ केवळ ३ टक्के आहे. फियाटने इटलीत पुढे व्यास ७२ मिलिमीटर करून १२२१ सी.सी. चे इंजिन काढले, त्यातही वाढ १२ टक्केच होती. शिवाय जुन्या ब्लॉकच्या भिंती मर्यादेपलीकडे कापल्यास त्या पातळ होऊन तापतात व एखाद्या दिवशी तडकतात. झीज काढण्यापुरताच बोअर वाढवावा, हे शहाणपणाचे होय.

श्वसनमार्गाची सुधारणा :

हवा आत येण्याच्या वाटेवर एअर फिल्टर, कार्बोरेटर, मॅनिफोल्ड, हेडमधील मार्ग आणि झडप असे टप्पे असतात. यांतील सर्वांत अरुंद टप्पा संपूर्ण प्रवाहाची मर्यादा ठरवितो. त्यामुळे केवळ एकच भाग मोठा केल्याने लाभ होत नाही. ओतकामातून राहिलेले उंचवटे घासून काढणे, मॅनिफोल्डचे तोंड व हेडचे तोंड एकमेकांशी जुळविणे आणि झडपेच्या बैठकीलगतचा कोन सौम्य करणे, ही कामे हाताने होतात व त्यांचा खर्चही कमी असतो. मार्ग सरसकट रुंद करणे मात्र चूक ठरते. रुंद मार्गात हवेची गती मंदावते, कमी फेऱ्यांना पेट्रोलचे कण हवेत नीट मिसळत नाहीत आणि गाडी घाटात दम सोडते.

कॅमशाफ्टबाबतही हेच म्हणता येईल. झडप अधिक काळ व अधिक उंच उघडणारा कॅम बसविल्यास अधिक फेऱ्यांना हवा भरपूर मिळते. परंतु सेवन व निष्कास झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ वाढल्याने इंजिन संथ गतीला अडखळते. शिवाय उंच उघडणारी झडप दट्ट्याला आदळण्याचा धोका असतो. त्यासाठी जुने मेकॅनिक एक सोपी युक्ती करतात. दट्ट्याच्या माथ्यावर मऊ मातीचा पातळ थर लावून, हेड बसवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरविले जाते. नंतर हेड उतरवून मातीत उमटलेल्या ठशाची जाडी मोजली की झडप व दट्ट्या यांतील अंतर कळते. नवा कॅम बसविल्यास झडपांच्या स्प्रिंगाही त्या वेगाला झडप वेळेत मिटविणाऱ्या असाव्या लागतात.

संपीडन आणि रसायनशास्त्राची ब्युरेट :

पद्मिनीच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर ७.३ आहे. म्हणजे दट्ट्या तळाशी असताना असलेली जागा दट्ट्या माथ्याशी असताना असलेल्या जागेच्या ७.३ पट असते. एका सिलिंडरचे आकारमान २७२.४ सी.सी. आहे. त्यावरून दट्ट्याच्या वर उरणारी जागा ४३.२ सी.सी. निघते. हे गुणोत्तर ८.५ करावयाचे असल्यास ही जागा ३६.३ सी.सी. व्हावी लागते, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमागे सुमारे ७ सी.सी. कमी करावी लागते. आदर्श ऑटो चक्राच्या सूत्रानुसार या बदलाने कार्यक्षमतेत सुमारे ५ टक्के सुधारणा संभवते.

हे ७ सी.सी. मोजायचे कसे? येथे महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातील ब्युरेट उपयोगी पडते. हेड उलटे ठेवून, झडपा मिटवून व प्लग बसवून, त्याच्या तोंडावर छिद्र असलेली पारदर्शक पट्टी ग्रीसने चिकटवितात. मग ब्युरेटमधून पातळ तेल सोडून पोकळी पूर्ण भरेपर्यंत किती तेल लागले याची नोंद घेतात. चारही पोकळ्यांची मापे क्वचितच सारखी निघतात. ती आधी सारखी करावी व नंतरच हेड किती प्लेन करायचे ते ठरवावे. या हिशोबात हेड गॅस्केटची जागाही धरावी लागते. दाबलेल्या गॅस्केटची जाडी १.५ मिलिमीटर असेल, तर तीच सुमारे ५.४ सी.सी. जागा व्यापते. गॅस्केट बदलताना जाडी बदलली आणि ते ध्यानात आले नाही, तर केलेला सर्व हिशोब चुकतो.

संपीडन अधिक वाढविले की मिश्रण ठिणगीवाचूनच स्फोटाने पेटण्याचा धोका वाढतो. याला कारागीर इंजिन 'नॉक' करते असे म्हणतात. हा ठोका दट्ट्याचा माथा व कडा पोखरून टाकतो. म्हणून संपीडन वाढविल्यावर ठिणगीची वेळ पुन्हा तपासणे अनिवार्य ठरते. भरलेले व अधिक दाबलेले मिश्रण लवकर जळते, त्यामुळे ठिणगी पूर्वीइतकी आधी पडून चालत नाही.

हवामान व इंधन :

इटलीतील आकडे विदर्भात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. १५ अंश सेल्सिअस तापमानाला समुद्रसपाटीवरील हवेची घनता घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम असते. उमरखेड परिसरातील मे महिन्याच्या दुपारी पारा ४३ अंशांवर गेला की, दाब तोच धरल्यास, ती १.१२ च्या खाली येते. ही घट सुमारे ९ टक्के आहे. आता कार्बोरेटर बॉनेटखालील ६० अंशांची तापलेली हवा घेत असेल, तर बाहेरच्या हवेच्या तुलनेत आणखी ५ टक्के घट होते. हेड प्लेन करून, संपीडन वाढवून जे ५ टक्के मिळतात, तेवढेच या उष्ण हवेत गमावले जातात. म्हणून गाडीच्या पुढील भागातून थंड हवा आणणारी एक साधी नळी ही शक्तिवृद्धीतील सर्वांत स्वस्त सुधारणा होय. तिने नॉक होण्याचा धोकाही कमी होतो.

इंधनातही मोठा बदल झाला आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्यापूर्वीच्या इंजिनांत शिशाचा थर झडपांच्या बैठकीचे संरक्षण करीत असे. त्यामुळे पुनर्बांधणीत कठीण धातूच्या बैठका बसविणे योग्य ठरते. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री सुरू झाली. पोफाळीच्या साखर कारखान्यामुळे उसाशी परिचित असलेल्या उमरखेड तालुक्यातील वाचकांना इथेनॉल नवे नाही. या मिश्रणाची नॉक-रोधक क्षमता साध्या पेट्रोलपेक्षा अधिक असते, ही अधिक संपीडनास अनुकूल बाब होय. पण इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलसाठी १४.७ असलेले हवा व इंधनाचे गुणोत्तर या मिश्रणासाठी सुमारे १३.५ होते. म्हणजे तेवढ्याच हवेत ८ ते ९ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. आधुनिक गाडीतील संगणक हा बदल आपोआप करतो. जुना कार्बोरेटर करीत नाही. जेट न बदलल्यास मिश्रण पातळ राहते, इंजिन तापते व झडपा जळतात. जुन्या रबरी नळ्या व पडदेही इथेनॉलने खराब होतात, ते बदलणे आवश्यक असते.

मजबुती आणि सुरक्षितता :

अधिक फेऱ्यांची किंमत इंजिनाच्या हलत्या भागांना मोजावी लागते. ४८०० फेऱ्यांना दट्ट्याची सरासरी गती सेकंदाला १२ मीटर असते, ५४०० फेऱ्यांना ती १३.५ आणि ६००० फेऱ्यांना १५ होते. गती सम प्रमाणात वाढते, पण दट्ट्याला क्षणोक्षणी थांबवून उलट फिरविणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ५४०० फेऱ्यांना हे बल सुमारे २७ टक्क्यांनी आणि ६००० फेऱ्यांना ५६ टक्क्यांनी अधिक असते. या इंजिनाचा क्रँकशाफ्ट केवळ तीन मुख्य बेअरिंगांवर फिरतो, हे ध्यानात घेता चारही दट्टे व कनेक्टिंग रॉड यांचे वजन जुळविणे, क्रँकशाफ्टचे संतुलन करणे व नवे बोल्ट वापरणे ही हौस नसून गरज ठरते.

हाच न्याय ब्रेकना लागू होतो. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते व ते ४० अश्वशक्तीच्या गाडीसाठी योजलेले होते. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला थांबविताना ब्रेकना ५६ टक्के अधिक उष्णता पचवावी लागते. ब्रेक, टायर व स्टिअरिंग यांच्या दुरुस्तीपूर्वी इंजिनाची शक्ती वाढविणे म्हणजे इतरांचा जीव धोक्यात घालणे होय.

कायदा आणि वारसा :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असा फेरफार वाहनधारकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बाब स्पष्ट केली. म्हणून मोठा फेरफार केलेल्या गाडीची जागा बंदिस्त शर्यतमार्गावर आहे, सार्वजनिक रस्त्यावर नाही.

दुसरी बाब अधिक विचार करण्याजोगी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या खाजगी गाडीला 'व्हिंटेज' म्हणून विशेष नोंदणी मिळू शकते. १९६४ ते १९७४ या काळात नोंदलेल्या कुर्ल्याच्या गाड्या आज या वयोमर्यादेत आल्या आहेत. ज्या मालकाने दहा अश्वशक्तींसाठी मूळ हेड कापले, ब्लॉक मर्यादेपलीकडे बोअर केला, तो गाडीचा हा दर्जा गमावून बसण्याचा संभव आहे. कापलेला धातू पुन्हा जोडता येत नाही.

यावर एक मध्यम मार्ग आहे. मूळ हेड, मूळ कार्बोरेटर, मूळ मॅनिफोल्ड व मूळ कॅमशाफ्ट तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावेत. सर्व प्रयोग भंगारातून मिळालेल्या दुसऱ्या हेडवर व सुट्या भागांवर करावेत. ब्लॉकला केवळ झिजेपुरतेच हत्यार लागावे. असे केल्यास केलेला प्रत्येक बदल परत फिरविता येतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, शक्तिवृद्धी ही एखादा भाग विकत आणून बसविण्याची क्रिया नाही. हवा अधिक आत आणली की इंधन बदलावे लागते, संपीडन वाढविले की ठिणगीची वेळ बदलावी लागते, फेऱ्या वाढविल्या की हलत्या भागांचे संतुलन करावे लागते आणि वेग वाढला की ब्रेक सुधारावे लागतात. या साखळीतील एक कडी सोडणाऱ्याचे इंजिन फार काळ टिकत नाही. १०८९ सी.सी. च्या या इंजिनातून ३२, ४०, ५० व ६० अश्वशक्ती मिळाली ती मोजमापाच्या शिस्तीने. पदार्थविज्ञानातील टॉर्क, रसायनशास्त्रातील ज्वलन, गणितातील वर्गाचे प्रमाण आणि कायद्यातील कलम ही सर्व एका इंजिनात एकत्र येतात. त्यामुळे महाविद्यालयातील आंतरविद्याशाखीय अध्यापनासाठी जुने इंजिन हे उत्तम साधन ठरू शकते. कुर्ल्याचा तो कारखाना आता या गाड्या बनवीत नाही आणि ती इंजिने हाताच्या स्पर्शाने ओळखणारी कारागिरांची पिढी वृद्ध होत आहे. त्यांच्याजवळचे ज्ञान मापांसह लिहून ठेवणे हे इंजिनाची शक्ती वाढविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक निकडीचे कार्य आहे.